ऑक्सफर्डमधील पराभूत उमेदवार

श्रीलंकेचे चौथे पंतप्रधान सॉलोमन वेस्ट रिजवे डायस बंदरनायके यांचे नाव घेतले, की दोन गोष्टी प्रामुख्याने आठवतात. एक, १९५६ चा ‘फक्त सिंहली’ हा भाषा कायदा आणि दुसरी, १९५९ मध्ये एका बौद्ध भिक्खूने गोळ्या झाडून केलेली त्यांची हत्या. त्या देशात पुढे अनेक दशके धुमसत राहिलेल्या सिंहली-तमिळ संघर्षाची मुळे शोधणाऱ्याला या कायद्यापाशी थांबावेच लागते. त्यामुळे बंदरनायके यांच्या आयुष्यातील एक प्रकरण मात्र काहीसे झाकोळले गेले. त्यांनी आपल्या पहिल्या निवडणुका लढवल्या त्या सिलोनमध्ये नव्हे, तर ऑक्सफर्ड विद्यापीठात. तेथे ते परके होते, अल्पसंख्य होते आणि सावळ्या वर्णाचे होते. काही निवडणुका त्यांनी जिंकल्या. जी सर्वांत महत्त्वाची होती ती गमावली. मोजणी बहुसंख्यांच्या मतांची असली, की अल्पसंख्याची गुणवत्ता कोठे अडते, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच अनुभवले. सत्ता हाती आल्यावर या अनुभवाचे त्यांनी काय केले, हा त्यांच्या चरित्रातील कळीचा प्रश्न आहे.

गव्हर्नरच्या नावाचा मुलगा

बंदरनायके यांचा जन्म ८ जानेवारी १८९९ रोजी झाला. घराणे सिंहली, धर्म ख्रिस्ती आणि घरातील भाषा इंग्रजी. वडील सर सॉलोमन डायस बंदरनायके हे ‘महामुदलियार’ होते. ब्रिटिश गव्हर्नरचा एतद्देशीय सल्लागार आणि दुभाषा असे या पदाचे स्वरूप होते आणि वसाहतीतील एतद्देशीयांच्या उतरंडीत ते सर्वोच्च मानले जाई. सिलोनचे तत्कालीन गव्हर्नर सर जोसेफ वेस्ट रिजवे हे मुलाचे धर्मपिता झाले आणि त्यांचे नाव मुलाच्या नावात कायमचे जोडले गेले. होरागोल्ला येथील वाड्यात राजघराण्यांतील पाहुणे उतरत, घोडे पाळले जात आणि मेजवान्या झडत.

अशा घरात मुलाला शिकवण्यासाठी इंग्रज शिक्षक ठेवण्यात आले. पुढे तो कोलंबोच्या सेंट थॉमस महाविद्यालयात गेला. ग्रीक आणि लॅटिन या अभिजात भाषांत त्याने प्रावीण्य मिळवले. मात्र आपल्याच इस्टेटीवर राबणाऱ्या कुळांची सिंहली भाषा त्याला अस्खलित येत नव्हती. त्या काळातील सिलोनी उच्चभ्रू वर्गात याचे कोणालाही नवल वाटत नसे. साम्राज्याशी निष्ठावान राहणाऱ्या घराण्यातील मुलाने ऑक्सफर्डला जावे, परत येऊन मानाचे पद स्वीकारावे, ही वडिलांची अपेक्षा होती. पहिले महायुद्ध संपले आणि १९२१ मध्ये हा तरुण ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात दाखल झाला.

दखलच न घेणारे शहर

ख्राइस्ट चर्च हे ऑक्सफर्डमधील सर्वांत उमरावी थाटाचे महाविद्यालय. इंग्लंडला अनेक पंतप्रधान देणाऱ्या या संस्थेत त्या वेळी अँथनी ईडन हेही शिकत होते. महामुदलियारांच्या या मुलाला सिलोनमध्ये सगळे दरवाजे आपोआप उघडत असत. ऑक्सफर्डमध्ये मात्र त्यांच्या घराण्याचे नाव कोणालाही माहीत नव्हते. पुढे लिहिलेल्या ‘मेमरीज ऑफ ऑक्सफर्ड’ या आठवणींत बंदरनायके यांनी या सुरुवातीच्या महिन्यांचे वर्णन केले आहे. तेथे कोणी उघड अपमान करीत नसे. सहाध्यायी सभ्यपणे वागत. परंतु त्या सभ्यतेतच एक अंतर राखलेले असे. वसाहतीतून आलेला विद्यार्थी वर्गात असे, भोजनगृहात असे. पण मैत्रीच्या वर्तुळात नसे. अपमानाला उत्तर देता येते, दखलच न घेण्याला उत्तर देता येत नाही, ही त्यांची खरी व्यथा होती.

हा अनुभव एकट्या बंदरनायके यांचा नव्हता. महायुद्धानंतर हिंदुस्थान, सिलोन आणि ब्रह्मदेशातून इंग्लंडला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढली होती. त्यांचे प्रवेश, राहण्याची व्यवस्था आणि त्यांच्यात वाढणारा राजकीय असंतोष यांची चिंता सरकारलाही वाटू लागली होती. १९२१ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची चौकशी करणारी समिती नेमण्यात आली, ती याच पार्श्वभूमीवर.

या परिस्थितीत परदेशी विद्यार्थ्यापुढे दोन मार्ग असत. आपल्यासारख्यांच्या संगतीत राहून शिक्षण पूर्ण करणे, हा पहिला. इंग्रजांच्या आखाड्यात उतरून त्यांच्याच नियमांनी त्यांना जिंकणे, हा दुसरा. बंदरनायके यांनी दुसरा मार्ग पत्करला आणि पहिलाही सोडला नाही. त्यांच्या मनाने घेतलेला निर्णय त्यांनी आठवणींत स्पष्टपणे नमूद केला आहे. आपण इतरांच्या बरोबरीचे आहोत हे केवळ सांगून कोणी मान्य करणार नव्हते. बरोबरी मिळवायची तर आधी त्यांच्याहून सरस ठरावे लागणार होते. खेळाच्या मैदानावर ते शक्य नव्हते. वक्तृत्व मात्र त्यांच्याकडे उपजत होते.

मजलिस आणि युनियन

ऑक्सफर्डमध्ये त्या काळी परदेशी विद्यार्थ्याला आवाज देणारी संस्था म्हणजे ‘मजलिस’. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळात हिंदुस्थान, सिलोन आणि आसपासच्या देशांतील विद्यार्थी एकत्र येत. वादविवाद, व्याख्याने, गाणे-बजावणे आणि मायदेशीच्या राजकारणावर तावातावाने चर्चा असे तेथील वातावरण असे. असहकाराच्या चळवळीचे ते दिवस होते. मायदेशी गांधीजींच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तुरुंगात जात असताना, आपण साम्राज्याच्या विद्यापीठात बसून काय करीत आहोत, हा प्रश्न मजलिसच्या सभांवर सतत घोंघावत असे. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले महंमद करीम चागला यांनीही याच सुमारास या मंडळाचे अध्यक्षपद भूषवले होते. बंदरनायके यांच्याकडेही मजलिसचे अध्यक्षपद आले. परदेशी विद्यार्थ्यांनी आपला प्रतिनिधी म्हणून त्यांची निवड केली, ही त्यांच्या नेतृत्वाला मिळालेली पहिली पावती होती.

‘ऑक्सफर्ड युनियन’ची गोष्ट वेगळी होती. १८२३ मध्ये सुरू झालेली ही वादसभा म्हणजे ब्रिटिश संसदेची रंगीत तालीमच. ग्लॅडस्टन, अॅस्क्विथ, कर्झन अशा अनेकांनी तिचे अध्यक्षपद भूषवले होते. दर सत्रात पदाधिकारी बदलत. चिटणीस, कनिष्ठ खजिनदार, ग्रंथपाल आणि अध्यक्ष अशी पदे असत. संध्याकाळच्या सभेत संसदेच्या धर्तीवर प्रस्ताव मांडला जाई, छापील पत्रिकेवर नाव असलेले प्रमुख वक्ते आधी बोलत आणि नंतर सभागृहातील इतरांना संधी मिळे. नवख्याने रात्री उशिरा, निम्मे सभागृह रिकामे झालेले असताना चार मिनिटे बोलावे, कोणाच्या तरी नजरेत भरावे आणि काही महिन्यांनी आपले नाव पत्रिकेवर पाहावे, असा तेथील क्रम असे. उघड प्रचाराला नियमाने मनाई होती. त्यामुळे उमेदवाराचा प्रचार म्हणजे त्याचे भाषणच.

येथे परदेशी विद्यार्थ्याची अडचण दुहेरी होती. इंग्रज उमेदवाराच्या मागे त्याची शाळा, त्याचे महाविद्यालय आणि त्याच्या पक्षाचा विद्यार्थी क्लब यांचे अदृश्य जाळे असे. ईटन किंवा हॅरोच्या मुलाला मत मागावे लागत नसे. ते गृहीतच असे. मजलिसचे सर्व सदस्य एकत्र आले, तरी युनियनच्या मतदानात त्यांची संख्या नगण्य होती. परदेशी उमेदवाराला जिंकायचे असेल, तर ती मते इंग्रजांचीच असायला हवी होती.

बंदरनायके यांनी ती मिळवून दाखवली. अभिजात भाषांच्या अभ्यासाने घडलेली त्यांची वाक्यरचना, स्पष्ट उच्चार आणि खोचक विनोदाची हातोटी यांमुळे सभागृहात त्यांचे नाव झाले. साम्राज्य आणि हिंदुस्थान या विषयांवर बोलताना त्यांनी स्वातंत्र्याची बाजू घेतली आणि तीही ब्रिटिशांच्याच राजकीय आदर्शांचा आधार घेऊन. इंग्रज श्रोत्याला त्याच्याच मूल्यांच्या कसोटीवर उभे करण्याची ही पद्धत परिणामकारक ठरली. १९२३ मध्ये ते युनियनचे चिटणीस म्हणून निवडून आले. १९२४ मध्ये कनिष्ठ खजिनदारपद मिळाले. वसाहतीतून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे यश असामान्य होते. आता पुढची पायरी अध्यक्षपदाचीच होती.

एक पराभव

ती पायरी त्यांना चढता आली नाही. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बंदरनायके पराभूत झाले.

या पराभवामागे वर्णभेद होता, असे त्यांच्या चरित्रात सर्रास मानले जाते. गुप्त मतदानात कोणी कोणत्या कारणाने मत दिले, हे सिद्ध करता येत नाही. परंतु परिस्थिती बोलकी होती. चिटणीस आणि खजिनदार ही कामाची पदे होती. सावळ्या वर्णाच्या हुशार वक्त्याने हिशेब ठेवावेत, इतिवृत्त लिहावे, याला सभागृहाची हरकत नव्हती. अध्यक्ष मात्र संस्थेचा चेहरा असे. मंत्री, सरदार आणि परदेशी पाहुणे यांचे स्वागत तो करी, सभागृहातील सर्वोच्च आसनावर तो बसे. त्या आसनावर साम्राज्याच्या प्रजाजनाला बसवण्याची तयारी १९२४ च्या ऑक्सफर्डची नव्हती.

तो अडसर दूर व्हायला आणखी दहा वर्षे जावी लागली. १९३४ मध्ये मुंबईचे पारशी विद्यार्थी दोसू कराका हे ऑक्सफर्ड युनियनचे अध्यक्ष झाले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी. पुढे मुंबईतील ‘करंट’ या साप्ताहिकाचे संपादक म्हणून ते प्रसिद्धीस आले. त्यांच्या यशाची वाट ज्यांनी तुडवली होती, त्यांत बंदरनायके यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

पराभवाचा कडवटपणा असूनही बंदरनायके यांनी ऑक्सफर्डचा द्वेष केला नाही. आपल्या जीवितकार्याची जाणीव याच शहराने करून दिली, असे त्यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. कायद्याचे शिक्षण पूर्ण करून, बॅरिस्टर होऊन १९२५ मध्ये ते सिलोनला परतले, तेव्हा वडिलांच्या अपेक्षेतील राजनिष्ठ मुलगा मागे पडला होता आणि राष्ट्रवादी तरुण परतला होता.

अल्पसंख्याची नजर

मायदेशी परतल्यावर बंदरनायके यांनी उचललेले पहिले मोठे पाऊल आज वाचणाऱ्याला चकित करते. १९२६ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी सिलोनसाठी संघराज्याची कल्पना मांडली. वृत्तपत्रातील लेखमालेतून त्यांनी स्वित्झर्लंडसारख्या देशांचे दाखले दिले. तमिळबहुल जाफन्यात जाऊन त्यांनी याच विषयावर व्याख्यान दिले. सखल प्रदेशातील सिंहली, डोंगराळ भागातील कँडीचे सिंहली आणि तमिळ हे तीन भिन्न समूह आहेत. केंद्राच्या एकाच सत्तेत संख्येच्या बळावर कोणी कोणाला दडपू नये, यासाठी प्रत्येकाला स्वायत्तता हवी, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. त्या काळी तमिळ नेत्यांनाही या कल्पनेची गरज वाटली नव्हती. तमिळ पक्षाने संघराज्याची मागणी केली, ती त्यानंतर दोन तपांनी.

बहुसंख्य समाजात जन्मलेल्या या तरुणाला अल्पसंख्याच्या भीतीची इतकी अचूक जाण कोठून आली असावी? केवळ पुस्तकांतून ती आली असेल, असे म्हणता येत नाही. ऑक्सफर्डमधील चार वर्षे त्यांनी अल्पसंख्य म्हणून काढली होती.

त्याच वर्षी कोलंबो महापालिकेच्या निवडणुकीत त्यांनी लोकप्रिय कामगार नेते ए. ई. गुणसिंह यांचा पराभव केला. सिलोनमधील त्यांचा हा पहिलाच मोठा विजय. पुढे त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला, सिंहलीचा कसून अभ्यास केला आणि पाश्चात्त्य पोशाख टाकून देशी वस्त्रे वापरण्यास सुरुवात केली. गांधीजींच्या प्रभावाखाली चरख्याचा पुरस्कार केला. १९३१ मध्ये सिलोनला सार्वत्रिक प्रौढ मताधिकार मिळाला आणि राजकारणाचे गणितच बदलले. आता सत्ता मूठभर इंग्रजी शिक्षितांच्या नव्हे, तर खेड्यापाड्यांतील मतदारांच्या हाती जाणार होती. या मतदारांत सुमारे सत्तर टक्के सिंहली होते.

बंदरनायके स्टेट कौन्सिलवर निवडून आले. १९३६ मध्ये त्यांनी ‘सिंहल महासभा’ स्थापन केली आणि ते मंत्रीही झाले. संघराज्याचा विषय मागे पडत गेला. तरीही तो पुरता मावळला नव्हता. १९४४ मध्ये सिंहलीच्या बरोबरीने तमिळलाही राजभाषेचे स्थान देण्याचा ठराव कौन्सिलमध्ये आला, तेव्हा बंदरनायके यांनी त्याला पाठिंबा दिला होता.

संख्येचे गणित

१९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाला. डी. एस. सेनानायके यांच्या मंत्रिमंडळात बंदरनायके आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री होते. याच मंत्रिमंडळाने केलेल्या नागरिकत्व कायद्याने चहाच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या भारतीय वंशाच्या लाखो तमिळ कामगारांना नागरिकत्वापासून वंचित ठेवले आणि पाठोपाठ त्यांचा मताधिकारही गेला. परक्या भूमीत मताचे मोल काय असते, हे जाणणारा मंत्री त्या मंत्रिमंडळात बसलेला होता, ही इतिहासाची नोंद आहे.

सेनानायके आपल्यानंतरची सूत्रे मुलाकडे सोपवणार, हे दिसू लागल्यावर १९५१ मध्ये बंदरनायके सरकारमधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘श्रीलंका फ्रीडम पार्टी’ स्थापन केली. नव्या पक्षाला बळ हवे होते. ते बळ खेड्यांतील सिंहली शिक्षक, आयुर्वेदाचे वैद्य, शेतकरी, कामगार आणि बौद्ध भिक्खू यांच्याकडे होते. स्वातंत्र्य मिळूनही न्यायालये, कचेऱ्या आणि चांगल्या नोकऱ्या इंग्रजी जाणणाऱ्यांच्याच हाती राहिल्या आहेत, हा या वर्गाचा राग रास्त होता. इंग्रजी हटवावी, ही मागणी मुळात सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषकांची होती. मात्र निवडणुकीच्या रणधुमाळीत तिचे रूप पालटले आणि इंग्रजीच्या जागी फक्त सिंहली, अशी घोषणा पुढे आली.

१९५६ च्या निवडणुकीत बंदरनायके यांनी ही घोषणा उचलली. सत्ता मिळाल्यास चोवीस तासांत सिंहली राजभाषा करू, असे आश्वासन दिले गेले. बुद्ध महापरिनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षाचा उत्साह देशभर होता. त्यांच्या आघाडीने ९५ पैकी ५१ जागा जिंकल्या. सत्तारूढ युनायटेड नॅशनल पार्टीला केवळ ८ जागा मिळाल्या. एप्रिलमध्ये बंदरनायके पंतप्रधान झाले.

जूनमध्ये भाषा विधेयक संसदेत आले. कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर शांतपणे सत्याग्रहाला बसलेल्या तमिळ नेत्यांवर जमावाने हल्ला केला. शहरात आणि पूर्वेकडील वसाहतींत दंगली उसळल्या. विधेयक मंजूर झाले. सरकारी नोकरीतील तमिळांना एका रात्रीत आपल्याच देशात परके झाल्याची भावना वेढून गेली. बत्तीस वर्षांपूर्वी ऑक्सफर्डमध्ये एका सिलोनी विद्यार्थ्याने अनुभवलेली भावना यापेक्षा फार वेगळी नव्हती.

त्याच वर्षी राष्ट्रकुल परिषदेसाठी बंदरनायके लंडनला गेले. ब्रिटनचे पंतप्रधान होते अँथनी ईडन. ख्राइस्ट चर्चचे हे दोन विद्यार्थी आता दोन देशांचे प्रमुख म्हणून समोरासमोर होते. विद्यार्थी असताना ईडन यांनी युनियनच्या राजकारणात रस घेतला नव्हता. त्यांना त्याची गरजही नव्हती. बंदरनायके यांनी सिलोनमधील ब्रिटिश तळ परत मागितले आणि १९५७ मध्ये त्रिंकोमालीचा नौदल तळ व कटुनायके येथील विमानतळ सिलोनच्या ताब्यात आले. परराष्ट्र धोरणात अलिप्ततेचा पुरस्कार, बससेवेचे राष्ट्रीयीकरण, कुळांना संरक्षण देणारा १९५८ चा भातशेती कायदा, कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधी ही त्यांच्या कारकिर्दीची उजळ बाजू आहे. सामान्य सिंहली माणसाला हे सरकार आपले वाटले, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही.

फाडलेला करार

आपल्या हातून काय घडले, याची जाणीव बंदरनायके यांना लवकरच झाली असावी. जुलै १९५७ मध्ये त्यांनी तमिळ नेते एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांच्याशी करार केला. उत्तर आणि पूर्व प्रांतांत प्रशासनासाठी तमिळचा वापर आणि प्रादेशिक परिषदांना काही अधिकार, असे त्याचे स्वरूप होते. १९२६ मधील संघराज्याच्या कल्पनेची ही सौम्य आवृत्तीच होती. जाफन्यात व्याख्यान देणारा तरुण तीस वर्षांनी पुन्हा जागा झाला होता.

मात्र ज्या शक्तींनी त्यांना सत्तेवर बसवले, त्या आता त्यांना मागे फिरू देण्यास तयार नव्हत्या. विरोधी पक्षाने कराराविरुद्ध कँडीकडे पदयात्रा काढली. १९५८ च्या सुरुवातीला सरकारी बसगाड्यांच्या क्रमांकपट्ट्यांवर सिंहली लिपीतील ‘श्री’ हे अक्षर आले. अशा बसगाड्या जाफन्याकडे गेल्या, तेव्हा तेथे त्या अक्षराला डांबर फासण्यात आले आणि दक्षिणेत त्याची प्रतिक्रिया उमटली. ९ एप्रिल १९५८ रोजी सुमारे दोनशे भिक्खूंनी कोलंबोतील रोझमीड प्लेस येथील पंतप्रधानांच्या निवासस्थानी ठिय्या दिला. करार रद्द झाल्याचे लेखी द्या, ही त्यांची मागणी होती. त्याच दिवशी बंदरनायके यांनी ती मान्य केली आणि करार मोडीत निघाला.

पुढच्याच महिन्यात भीषण दंगली झाल्या. शेकडो माणसे मारली गेली. कोलंबोतील हजारो तमिळांना निर्वासित छावण्यांत आणि तेथून जहाजांनी जाफन्याला न्यावे लागले. आपल्याच राजधानीतून नागरिकांना समुद्रमार्गे हलवण्याची वेळ त्या देशावर आली. आणीबाणी जाहीर झाल्यानंतर स्थिती आटोक्यात आली. त्याच वर्षी तमिळच्या मर्यादित वापराला परवानगी देणारा कायदा संमत झाला. परंतु विश्वास उडून गेला होता.

अखेर

२५ सप्टेंबर १९५९ रोजी सकाळी बंदरनायके निवासस्थानी लोकांना भेटत होते. ताल्दुवे सोमराम हा भिक्खू तेथे आला होता. बौद्ध भिक्खूला वंदन करण्यासाठी पंतप्रधान वाकले आणि त्याने चीवरात लपवलेल्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी, २६ सप्टेंबरला, बंदरनायके यांचे निधन झाले. कटाचा सूत्रधार ठरलेले केलनिया विहाराचे प्रमुख बुद्धरक्खित हे १९५६ च्या विजयातील त्यांचे महत्त्वाचे सहकारी होते. मृत्युशय्येवरून दिलेल्या संदेशात बंदरनायके यांनी मारेकऱ्यावर सूड उगवू नये, त्याला करुणा दाखवावी, असे जनतेला आवाहन केले. त्यांच्या सरकारने फाशीची शिक्षा स्थगित केली होती. त्यांच्या हत्येनंतर ती पुन्हा लागू करण्यात आली आणि १९६२ मध्ये सोमरामला फाशी झाली.

पत्नी सिरिमाओ बंदरनायके १९६० मध्ये जगातील पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. कन्या चंद्रिका कुमारतुंगा १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि वडिलांनी फाडलेल्या कराराच्या दिशेने, सत्तेच्या विकेंद्रीकरणाकडे, वळण्याचा प्रयत्न त्यांनी केला. तोवर यादवी युद्ध भडकून अकरा वर्षे लोटली होती. ते २००९ मध्ये संपले.

बंदरनायके यांच्या चरित्राचे मूल्यमापन करताना त्यांना संधिसाधू म्हणणारे आहेत, तसेच सामान्य माणसाचा पंतप्रधान म्हणून गौरवणारेही आहेत. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ऑक्सफर्डच्या निवडणुकीने त्यांना दोन धडे दिले होते. अल्पसंख्य असण्याचे दुःख काय असते, हा पहिला आणि बहुसंख्यांची मते ज्याच्याकडे तो जिंकतो, हा दुसरा. १९२६ मध्ये त्यांनी पहिल्या धड्यावरून देशाचा आराखडा मांडला. १९५६ मध्ये दुसऱ्या धड्याच्या बळावर निवडणूक जिंकली. पहिल्याकडे परतण्याची धडपड त्यांनी केली, तेव्हा फार उशीर झाला होता.

ऑक्सफर्ड युनियनचे जे अध्यक्षपद त्यांना नाकारले गेले, ते त्यांच्या हयातीतच सिलोनच्या विद्यार्थ्यांना मिळाले. १९५८ मध्ये ललित अथुलथमुदली हे सिंहली विद्यार्थी या पदावर आले. पाठोपाठ १९५९ मध्ये, म्हणजे बंदरनायके यांच्या मृत्यूच्याच वर्षी, लक्ष्मण कादिरगामर यांची निवड झाली. कादिरगामर तमिळ होते. ऑक्सफर्डच्या मतदारांनी बंदरनायके यांच्या देशातील बहुसंख्य आणि अल्पसंख्य अशा दोन्ही समाजांच्या विद्यार्थ्यांना त्या आसनावर बसवले होते. दोघेही पुढे श्रीलंकेत मंत्री झाले. कादिरगामर यांनी तर चंद्रिका कुमारतुंगा यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री म्हणून काम केले. अथुलथमुदली यांची एप्रिल १९९३ मध्ये हत्या झाली. कादिरगामर यांना १२ ऑगस्ट २००५ रोजी कोलंबोतील त्यांच्या घरी गोळ्या घालण्यात आल्या.